ठिगळ लावलेला पत्रा

मिस्त्रीने छिन्नी टेकवली मात्र, ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याचा भुगा खाली सांडला. गंजाने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. चाकं काढलेली जुनी जीप जॅकवर उभी होती. तिचे मालक स्टुलावर बसून काम बघत होते. गॅरेजमध्ये सगळे त्यांना काका म्हणत. जुना पत्रा जिथे टिकण्यासारखा असेल तिथे राहू द्या, एवढंच त्यांचं सांगणं होतं.

मागचा भाग बघायला मिस्त्री गाडीखाली सरकला. तळाला डांबराचा जाड थर होता. त्याने तो पात्याने खरवडला. खालून पिवळा रंग वर आला. रस्त्यावरच्या पाटीतून कापून लावलेलं ठिगळ, त्यावर अर्धा काळा बाण. कडेने नऊ रिव्हेट, त्यातला एक वाकडा.

तो तिथेच पडून राहिला.

सात वर्षांचा असताना त्याने हे ठिगळ पाहिलं होतं. असंच, खालून. आई त्याचा हात धरून वळणावर रस्ता ओलांडत होती. मागून धडक बसली, मग काही कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा वर हा पत्रा होता. रिव्हेट त्याने तेव्हाच मोजले होते. आई गेली, जीप पळाली. लोकांनी तुला जीपखालून ओढून काढलं, हे त्याला वाढवणाऱ्या मावशीने शंभरदा सांगितलं होतं. या धंद्यात तो त्यासाठीच पडला. दारात आलेल्या एकाही जीपचा तळ त्याने बघायचा सोडला नव्हता.

तो बाहेर आला, हात पुसले आणि साध्या आवाजात विचारलं, आधी ही गाडी कोण चालवायचं? काका म्हणाले, नवी घेतल्यापासून त्यांनी ती दुसऱ्याच्या हातात दिलीच नव्हती.

"कुणाच्याच?"

"बायकोच्यासुद्धा नाही," काका हसले.

मिस्त्रीने शटर खाली ओढलं आणि टायर काढायची लोखंडी टॉमी उचलली.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसऱ्याने कोपराखालचं हाड मोडलं, तसे काका स्टुलासकट आडवे झाले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तर मिस्त्रीच्या बुटाने पुढचे दात पाडले. कॉलर धरून त्याने त्यांना फरफटत नेलं आणि तोंड ठिगळाखाली येईल असं जीपखाली ढकललं. मग जॅकचा दांडा धरला.

"ओळखलंस? याच्याखाली मी होतो. आई गेली त्या दिवशी, वळणावर. आता तू बघ, खालून कसं दिसतं."

त्याने दांडा थोडा फिरवला. जीप चार बोटं खाली आली. चॅसी काकांच्या छातीला टेकली.

काकांनी गयावया केली नाही. रक्त थुंकून त्यांनी मान वळवली आणि मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"जगलास तू," ते म्हणाले. "तेव्हाही लोकांनी बोलू दिलं नाही, दगड घेऊन मागे लागले. उडवणारा ट्रक कधीच निघून गेला होता, बाळा. मागून गाड्या सुसाट येत होत्या, तुला उचलायला वेळ नव्हता. म्हणून तुला चाकांच्या मधे घेऊन मी जीप तुझ्यावर उभी केली, आणि ब्रेक दाबून बसलो."