दोनशे बारा तुकड्यांचं घर

मोहियोद्दीन मिस्त्रींनी माडीची खिडकी उलटी चिकटवली. समोर बसलेल्या जोहराने ते पाहिलं.

लाकडी घर वीतभर उंच होणार होतं. दोन मजले, जिना, पुढे सज्जा. दोनशे बारा तुकडे, काही तर काडेपेटीतल्या काडीएवढे. हे किट मिस्त्रींनी मुलीला, अलीझाला फोन करून नांदेडहून मागवून घेतलं होतं. "हाताला वळण राहील," म्हणाले होते.

कंधारात पंचेचाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. पण उन्हाळ्यापासून त्यांचा हात थरथरायला लागला. बशीतला चहा सांडायचा, शर्टाचं बटण लागता लागायचं नाही. दुकान बंद केलं नव्हतं, पण "नुसता बसून येतो," असं म्हणायचे.

"खिडकी उलटी बसली की," जोहरा म्हणाली.

"हाव? दिसलंच न्हाई." त्यांनी चष्मा पुसला, टोपी घातली आणि दुपारच्या नमाजला निघाले. तिथून ते दुकानात जायचे ते पाचलाच परतायचे.

जोहराला राहवेना. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा हलका झटका आला होता. पाय सुधारला, पण उजवा हात मांडीवर पडून असायचा. डॉक्टरांनी चेंडू दाबायला, मणी उचलायला सांगितलं होतं. आठ दिवस करून तिने सोडून दिलं. "आता काय करायचंय त्या हाताचं? साखराबाई भाकरी करून जाते की," म्हणायची. नवऱ्याने दोनदा समजावलं, मग तेही गप्प झाले.

पण ही उलटी खिडकी तिला बघवेना. घरी येणारा-जाणारा काय म्हणेल? मिस्त्रीला खिडकी बसवता येत न्हाई?

गोंद ओला होता तोवर तिने डाव्या हाताने खिडकी उपटली. ती निसटून चटईवर पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. एका हाताचं काम नव्हतं ते. शेवटी तिने उजवा हात उचलून त्या लाकडी घराच्या भिंतीला लावला. बोटं ऐकेनात. तासाभराने खिडकी सरळ बसली, तेव्हा जोहरा घामाने भिजली होती.

संध्याकाळी मिस्त्रींनी घर फिरवून पाहिलं. "सरळच तर हाय."

"मलाच भास झाला असंल," जोहरा म्हणाली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी मिस्त्री एखादी पायरी तिरकी लावायचे, कठड्याचा गज वाकडा बसवायचे. दुपारी जोहरा चिमटा घेऊन बसायची. चूक मोठी असली की तिला रडू यायचं. इतक्या वर्षांची कारागिरी, आणि अल्लाने अशी का काढून घ्यावी? संध्याकाळी मात्र ती हसून म्हणायची, "लई छान जमलं बघा."

"जमलं खरं," मिस्त्री म्हणायचे.

जिना पुरा झाला त्या दिवशी तिने अलीझाला फोन केला. "तुझ्या अब्बाला मोठ्या डॉक्टरकडं ने. हात लई बिघडून राहिला. ते लाकडी घर सगळं मीच नीट करते, पण त्यांना कळू देऊ नको. मन मोडंल त्यांचं."

शनिवारी सकाळी अलीझा नांदेडहून निघाली. बस उशिरा पोहोचली, दुपार झाली. अब्बांशी आधी एकांतात बोलावं म्हणून घरी न जाता ती सरळ दुकानाकडे वळली. काय बोलायचं, ते तिने वाटेत दहा वेळा ठरवलं होतं.

दारातच ती थबकली.

मिस्त्री मांडी घालून सागाच्या फळीवर वेल कोरत होते. पटाशी केसाएवढी पुढे सरकत होती. पानामागून पान उमटत होतं. हात जराही हलत नव्हता.

"अब्बा! तुमचा हात..."

मिस्त्रींनी आधी तिच्या मागे गल्लीत नजर टाकली. कोणी नाही असं पाहून फळीवरचा भुसा फुंकला.

"हळू बोल. अम्मीला यातलं काही सांगू नको," ते म्हणाले. "तिची करंगळी अजून वळत न्हाई. पुढचं किट याहून बारीक तुकड्यांचं मागव."