आलं, हळद आणि टाचणी

टक. जरा थांबून पुन्हा टक.

काज करता करता शिंप्याची बायको थांबली. नवरा अनवाणी पायांनी दुकानात येरझारा घालत होता. संध्याकाळी द्यायच्या कोटाची एक बाही अजून लावायची होती आणि स्वारीचा पाय काही एका जागी ठरत नव्हता.

"अहो, कसला आवाज येतोय?"

"मशीनचा असेल."

"मशीन बंद आहे."

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि हातातला पेला रिकामा केला. आलं-हळदीचा काढा. तीच रोज किसून, उकळून द्यायची. बोटं पिवळी पडली होती तिची, आणि गिऱ्हाइकांसमोर ती मोठ्या कौतुकानं दाखवायची.

"तुझ्या हाताला गुण आहे," तो म्हणाला. "डॉक्टर शुगरची गोळी वाढवायला निघाला होता. इथे तळपायांची आग पार थांबली. महिना झाला, पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही."

टक.

"गोळ्या घेताय ना पण?"

तो मापून झालेलं कापड पुन्हा मापायला लागला.

"अहो, मी विचारतेय."

"सोडल्या. एका दुखण्याला दोन-दोन औषधं कशाला?"

तिनं सुई खाली ठेवली. काढा हवा तर घ्या, पण गोळ्या चुकवू नका, असं डॉक्टरांनी तिच्यासमोर बजावलं होतं. हा बाबा तेव्हा मान डोलावत होता.

"बसा बघू इथे."

"बाही राहिलीय माझी."

"बसा म्हणते ना."

तो कुरकुरत स्टुलावर टेकला. तिनं त्याचा डावा पाय मांडीवर घेतला आणि तळवा उजेडाकडे वळवला. टाचेच्या जरा पुढे एक टाचणी पुरती आत शिरली होती. बाहेर राहिलं होतं नुसतं डोकं, फरशीवर घासून चकचकीत झालेलं. भोवतीची कातडी लालभडक सुजली होती.

"टाचणी रुतलीय."

"काहीतरीच काय. कळलं नसतं का मला?"

पण तिचा चेहरा पाहून तो सावरून बसला. त्यानं स्टुलाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. तिनं पिवळ्या बोटांच्या चिमटीत ते डोकं पकडलं आणि ओढलं. मागोमाग पू आला.

"काढ की आता," डोळे मिटूनच तो म्हणाला. "हळू काढ, दुखेल."

टाचणी केव्हाची तिच्या तळहातावर होती.