बोकड अंग झाडेना

बोकड हलेना.

तिसरा तांब्या त्याच्या पाठीवर रिकामा झाला. कानात पाणी शिंपडून झालं, शेपटीवर शिंपडून झालं. एरवी दोन थेंब पडले तरी बोकड सगळं अंग झाडतो, आणि झाडलं की मरीमायनं नवस मानला असं समजायचं. त्याआधी सुरीला हात लावायचा नाही, ही गावाची जुनी रीत. हा मात्र ओलागच्च होऊन, मान खाली घालून उभा.

मारोतरावांना घाम फुटला. नवस त्यांचाच होता. मुलगी राखी पोलिसात लागली तर बोकड देईन, असं ते बोलून बसले होते. राखी लागली. सोमवारी तिला ट्रेनिंगला निघायचं होतं. सोयाबीन निघालेलं, हातात काम नाही, म्हणून अख्खं गाव ताट-वाटी घेऊन मरीमायच्या पारावर जमलं होतं. आम्हीही होतो, खोटं कशाला बोला! त्यांच्या बायकोनं, रंगूबाईंनी, पहाटेपासून पाट्यावर मसाला वाटला होता आणि त्याचा वास नाकात बसला होता.

"पाहा कसा तयार केला," मारोतराव सकाळपासून ज्याला त्याला सांगत होते. "गळ्याखाली चरबी लोंबून राह्यली!"

चौथा तांब्याही वाया गेला. मग इंद्रभान भगतानं घसा खाकरला.

"मायले पसंत नाही दिसत. घरात काही खोट असन. कबूल करा मारोतराव. पोरगी परगावी जाऊन राह्यली."

हे शेवटचं बोलणं लागलं. नाहीतर मारोतराव म्हणजे चोरी करताना धरलं तरी "हा हात माझा नव्हे" म्हणणारा माणूस. पण राखी समोर उभी होती, आणि ती त्यांचा जीव की प्राण. त्यांनी हात जोडले.

"माय, मागच्या साली तुले लुगडं नेसवलं, ते नवं नव्हतं. रंगूच्या पेटीतलं होतं."

"माह्या माहेरचं?" रंगूबाई ताडकन उठल्या. "अन् मी वर्षभर धुंडून राह्यली!"

बोकडानं फक्त डोळे मिटले.

"अन् इंद्रभान, तुही कोंबडी मुंगसानं नाही नेली."

भगताचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण देवीचं काम चालू होतं, त्यामुळे त्याला बोलताही येईना. बोकड तसाच. आता एकच गोष्ट उरली आणि ती मारोतरावांना ठाऊक होती. त्यांनी पाराच्या टोकाकडे पाहिलं. तिथं त्यांचा धाकटा भाऊ जानराव पाठ करून बसला होता. दोघांच्या वावराला लागून वावर, मध्ये धुरा म्हणजे शेताचा बांध, आणि सामाईक विहीर. धुरा कोणी सरकवला आणि विहिरीच्या पाण्याची पाळी कोण चुकवतं, यावरून तीन वर्षं अबोला होता. आज तो आला होता तो फक्त पुतणीसाठी.

"जानराव," मारोतरावांनी हाक मारली. "धुरा मीच सरकवला. नांगराचे दोन तास तुह्या वावरातले घेतले."

जानराव हळूच वळला.

"तीन वर्षांआंधी तू मले सांगतलं, 'धुरा तिथंच आहे जानराव, तुह्या डोयात फरक पडला.' मी वाशिमले जाऊन आप्रेशन करून घेतलं, भाऊ! दोन्ही डोयाचं!"

"चुकलं माह्यं. उद्याच धुरा मांगं घेतो. हद्दीचे गोटे तूच गाड."

हे बोलताना मारोतरावांना खरंच रडू आलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. भावाशी तोडून आपण तीन वर्षं काय कमावलं, तर दोन तासांची तूर, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. डोळे पुसून त्यांनी मोठ्या भरवशानं पाचवा तांब्या ओतला.

बोकडानं गुडघे टेकले आणि तो खाली बसला.

तेवढ्यात गर्दीतून वर्षाराणी पुढं आली. ही गावची पशुसखी, घरोघरच्या बकऱ्यांना औषध-पाणी तीच बघते. तिनं बोकडाची खालची पापणी ओढली. आतून कापसासारखी पांढरी. मग गळ्याखालची चरबी बोटानं दाबली. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"काका, ही चरबी नव्हे, सूज आहे. पोटात जंत झाले, ते रक्त पिऊन राह्यले. अंग झाडाले ताकद तं पाहिजे! पाऊस लागाच्या आंधी मी औषध देल्लं होतं. पाजलं नाही?"

"पाजलं," मारोतराव पुटपुटले. "साऱ्यायले पाजलं. याले नाही. म्हटलं, हा तं मायले जाणार. याच्यावर औषध कायले वाया घालवाचं?"

अख्खा पार हसून हसून लोळला. सगळ्यात मोठ्यानं हसले ते मारोतरावच, कपाळावर हात मारून. "घ्या! मायनं तं तोंडबी नाही उघडलं. दोऱ्याएवढ्या किड्यायनं माह्याकडून सारं ओकवलं!"

वर्षाराणीनं पिशवीतून औषधाची बाटली काढली. आज पाजलं की दोन आठवडे याचं मटण कोणी खायचं नाही, असं तिनं बजावलं. आमची तोंडं उतरली. रंगूबाई मुकाट्यानं बेसन कालवायला गेल्या.

बाटलीचं बूच निघालं, तसा जानराव उठून आला आणि त्यानं वर्षाराणीचा हात धरला.

"थांब पोरी. आजच्या दिवस त्याले असाच राहू दे. इहिरीच्या पाळीचं भाऊच्या तोंडून अजून निघालं नाही."