पदक गुडघ्याला

छताखालच्या ट्रॅकवर सत्तरीपुढच्या बायकांची साठ मीटरची शर्यत झाली आणि अनसूयाबाई चक्क पहिल्या आल्या. उभा जन्म धावण्यात गेला, पण पदक कसं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हसत हसत मान पुढे केली, तर पंच खाली बसला आणि पदक त्यांच्या डाव्या गुडघ्याला बांधू लागला.

"अरे बाबा, गळा वर आहे माझा!"

"माहितेय आजी. पण निकाल यंत्र लावतं, अंगातला एकेक सुटा भाग मोजून. पहिला नंबर तुम्ही बसवून घेतलेल्या या गुडघ्याचा, दुसरा तुमच्याच नव्या हृदयाचा."

"आणि मी रे?"

पंचानं पडद्याकडे पाहिलं. "उरलेल्या बाई शेवटून पहिल्या."

"मेल्या, या गुडघ्याला रोज पहाटे अंथरुणातून ओढून ट्रॅकवर कोण आणत होतं?"

"ओढून आणणारा काही सुटा भाग नाही ना आजी. यंत्र कसं मोजणार?"

तेवढ्यात फोटोवाला आला. अनसूयाबाईंनी डोळे पुसले, केस सावरले आणि ताठ उभ्या राहिल्या. त्यानं कॅमेरा खाली झुकवला.

"आजी, हात जरा बाजूला घ्या. गुडघ्यावर सावली पडतेय."