टॉवेलाखालचा पगार

कुरकुंभच्या कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराला मोनाली नकार द्यायला आली होती. बीएस्सी होऊन अकरा हजारांवर राबायला ती काही वेडी नव्हती. ठेकेदार कुजबुजला, "ताई, वाढवलं असतं, पण बाकावरची सात पोरं कान टवकारून बसल्यात. उद्या सगळीच मागतील." मोनाली उठली. पण सोबत आलेले तिचे वडील, आप्पा, बैलबाजारातले मुरलेले दलाल. तिथला भाव बोटांनीच ठरतो, तिसऱ्याला कळू न देता. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ठेकेदाराच्या हातावर टाकला आणि खाली हात सारला. "आप्पा, मी काय बैल हाय?" मोनाली करवादली. टॉवेल वळवळला, थांबला, पुन्हा वळवळला. ठेकेदाराला घाम फुटला. शेवटी त्यानं मान हलवली. "सोळा," आप्पा तिच्या कानात पुटपुटले. बैलानं मुकाट सही केली. तोच बाकावरून हाक आली, "आप्पा, टॉवेल तेवढा ठिवून जावा!"