गार कपाळ

"गार तर आहे पोर," दिगंबरने मुक्ताच्या कपाळावर हात ठेवून सांगितलं. "उगाच जीव खातेस माझा."

सकाळी लेकीला लस टोचून आणल्यापासून रोहिणीला चैन नव्हतं. लसीने ताप येतोच, असं शेजारणी हसत सांगत होत्या. त्यांचं ठीक होतं. या घरात गेल्या वर्षी धाकटे भाऊजी साध्या तापात झोपेतच गेले. मग सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि हृदयाच्या ठोक्यांचा तोच पिढीजात दोष दिगंबरमध्येही निघाला. मुलीतही असू शकतो, डॉक्टर म्हणाले होते. ताप चढला की ठोके बिघडतात, त्यामुळे तो अंगात राहू द्यायचाच नाही.

तिने पुन्हा थर्मामीटर लावला. एकशे एक.

"बिघडलाय तो," दिगंबर म्हणाला. त्याने परत कपाळ चाचपलं. "गारच आहे गं. माझा हात काय खोटं सांगतो?"

रोहिणीने मुक्ताला तापाचं औषध पाजलं, खांद्यावर टाकून थोपटलं, येरझाऱ्या घातल्या. आणि मधेच थांबली. तापलेलं कपाळ ज्याला गार लागतं, तो हात कसा असेल?

तिने तो धरला. चटका बसला.

"अहो, कधीपासून अंगावर काढताय हे?" थर्मामीटर त्याच्या काखेत खुपसताना तिचा आवाज चिरकला.

"कालपासून जरा कणकण आहे," तो ओशाळून म्हणाला. "म्हटलं, आधी तिची लस होऊ दे."