शनिवारची फेरी

समितीचं काम संपलं हे प्रीतीला कसं सांगावं, याचा विचार करत मृणाल विहारामागच्या खोलीत तिच्यासमोर बसून होती. पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता.

वर्षभर ती दर शनिवारी ठाण्याहून डोंबिवलीला येत होती. टोळ्यांच्या मारामाऱ्यांचा तरुण मुलींवर काय परिणाम होतो, यावर तिच्या समितीला सरकारकडे शिफारशी करायच्या होत्या. बाकीच्या मुली एकदोनदा आल्या आणि यायच्या थांबल्या. प्रीती तेवढी टिकली. पुरुष पोलीस मुलींची झडती घेत नाहीत, म्हणून पोरं हत्यारं मुलींकडे देतात, हे तिनेच सांगितलं होतं. ती स्वतःही न्यायची. पण मृणाल येऊ लागल्यापासून तिला कोणी काही दिलं नव्हतं. नुसत्या बोलण्यानेही मुलींना बळ येतं, असं एक वाक्य मृणालने अहवालात घातलं होतं. ते खरं आहे का, याची तिला खात्री नव्हती.

अखेर तिने सांगून टाकलं. अहवाल सोमवारी जाईल. पुढच्या शनिवारी ती येणार नाही.

प्रीती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग, नुसतं बसायला तरी याल का, असं तिने विचारलं. मृणालने गुडघ्यांचं सांगितलं, लांबच्या प्रवासाचं सांगितलं. हेल्पलाइनचा नंबर दिला, ठाण्यातला कम्प्युटरचा कोर्स सुचवला. प्रीतीने कशालाच हो म्हटलं नाही.

बाहेर सुमितची रिक्षा उभी होती. प्रीतीच्या चाळीतला हा मुलगा दर वेळी मृणालला वर्तकनगरला सोडायचा. कागदांनी जड झालेली तिची पिशवी स्वतःच नेऊन सीटच्या मागे ठेवायचा. वाटेत हवालदार त्याची रिक्षा अडवून सीटसुद्धा उचलून बघायचे. पिशवी समितीच्या मॅडमची म्हटल्यावर मात्र तिला हात लावत नसत. आपलं थोबाडच असं आहे मावशी, पोलिसांना बघितल्या बघितल्या आवडतं, असं तो म्हणायचा. माजिवड्याला गॅस भरताना तिला उतरवून लांब सावलीत उभं करायचा.

आताही तो आत आला आणि पिशवी उचलून घेऊन गेला.

मृणाल उठली. प्रीतीने तिचा हात धरला. असं तिने कधी केलं नव्हतं.

"एक शनिवार आड तरी या."

"अगं, मी येऊन काय होतं? वर्षभर नुसते प्रश्न विचारले. तुझं एक तरी काम झालं का माझ्याकडून?"

"झालं ना."

"कुठलं?"

प्रीतीने दाराबाहेर पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सामान तुमच्या पिशवीतून जातं, मॅडम. तुम्ही नाही आलात, तर परत मलाच न्यावं लागेल."